टाळेबंदीच्या काळात पाणबुड्यांच्या साधनांची निगा

मालवणच्या किनाऱ्यावरील पर्यटनाचा हंगाम दिवाळीच्या सुमारास रंगात येतो आणि मे महिन्याच्या अखेरीस, समुद्र खवळू लागला की आवरतो. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवल्या जातात. पर्यटकांना समुद्रतळाचे दर्शन घडविणारे स्थानिक तरुण याच अवधीत आपली श्वसनयंत्रे उघडून तपासून घेतात, सिलिंडर चाचणीसाठी पाठवितात, फाटके पोशाख सांधून घेतात. वर्षाचे हे चक्र २०२० साली मोडले. १३ मार्च २०२० रोजी राज्यात साथरोग प्रतिबंधक कायदा लागू झाला आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. ऐन हंगामात समुद्र मोकळा आणि किनारा ओस, असे चित्र दिसू लागले. साधने जिथे होती तिथेच राहिली. काहींच्या नळ्यांवर तर शेवटच्या बुडीचे खारे पाणीही सुकलेले होते.

यंत्र वापरले नाही म्हणजे ते जसेच्या तसे राहिले, असा आपला एक सर्वसाधारण समज असतो. शिवणयंत्र वा सायकल यांच्या बाबतीत तो फारसा महागात पडत नाही. पाण्याखाली श्वास पुरविणाऱ्या यंत्राच्या बाबतीत मात्र तो जिवावर बेतू शकतो. त्या काळात अशा साधनांची देखभाल कोणत्या अडचणींतून करावी लागली, त्यातील कोणती कामे स्वतः करण्याजोगी होती आणि कोणती नव्हती, याचा विचार येथे केला आहे. साथ ओसरली असली, तरी वाहतूक बंद पडण्याचे प्रसंग वादळाने, पुराने किंवा अन्य कारणाने पुन्हा येऊ शकतात. म्हणून हा विषय केवळ इतिहासजमा म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

श्वासाचे गणित

प्रथम हे यंत्र काय काम करते ते पाहू. समुद्रसपाटीवर आपल्यावर सुमारे एक बार इतका हवेचा दाब असतो. पाण्यात दर दहा मीटर खोलीला त्यात आणखी एका बारची भर पडते. अठरा मीटर खोलीवर एकूण दाब सुमारे २.८ बार होतो. फुप्फुसांना त्याच दाबाची हवा मिळाली नाही, तर छातीवरील पाण्याचा भार झुगारून श्वास घेणे अशक्य होते. नळीचे एक टोक पाण्यावर ठेवून फार खोल जाता येत नाही ते याच कारणाने.

पाणबुड्याच्या पाठीवरील सिलिंडरमध्ये हवा सुमारे २०० बार दाबाने भरलेली असते. इतक्या दाबाची हवा थेट तोंडात घेणे शक्य नाही. म्हणून ‘रेग्युलेटर’ हे उपकरण तिचा दाब दोन टप्प्यांत उतरविते. सिलिंडरच्या तोंडावर बसणारा पहिला टप्पा २०० बारचा दाब भोवतालच्या पाण्यापेक्षा नऊ-दहा बार अधिक इतका खाली आणतो. तोंडात धरावयाचा दुसरा टप्पा ती हवा नेमक्या भोवतालच्या दाबाने, आणि श्वास ओढला जाईल तेव्हाच, सोडतो. १९४३ साली फ्रान्समध्ये झाक-ईव्ह कुस्तो व एमिल गान्यां यांनी मागणीनुसार हवा सोडणाऱ्या अशा झडपेचे उपकरण तयार केले आणि स्वतंत्रपणे पोहणाऱ्या पाणबुड्याचे युग सुरू झाले. आजची उपकरणे अधिक सुबक असली तरी तत्त्व तेच आहे.

आता थोडा हिशेब करू. सिलिंडरची अंतर्गत क्षमता ११ लिटर आणि दाब २०० बार धरला, तर त्यात सुमारे २,२०० लिटर हवा मावते. सुरक्षिततेसाठी ५० बार शिल्लक ठेवावयाचे म्हटले की ५५० लिटर वजा होऊन १,६५० लिटर उरतात. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा लागणाऱ्या माणसाला अठरा मीटरवर ५६ लिटर लागते. म्हणजे हाती अर्ध्या तासाहूनही किंचित कमी वेळ येतो. झडपेतून हवा सतत वाहू लागली तर हाच साठा काही मिनिटांत संपतो. तो साठा राखण्याचे काम रबराच्या लहानशा कड्यांवर आणि करंगळीच्या नखाएवढ्या एका बैठकीवर सोपविलेले असते, हे लक्षात घेतले म्हणजे देखभालीचा आग्रह का धरला जातो ते पटते.

उभ्या यंत्राला काय होते

रेग्युलेटरची दुरुस्ती म्हणजे नेमके काय, याविषयी पुष्कळ गैरसमज आहेत. तंत्रज्ञ उपकरणाचा प्रत्येक भाग सुटा करतो. धातूचे भाग सौम्य आम्लाच्या द्रावणात, ध्वनिलहरींनी स्वच्छ करणाऱ्या भांड्यात ठेवून त्यांवरील क्षार व हिरवा गंज काढतो. रबरी कडी, ज्यांना ‘ओ-रिंग’ म्हणतात, उच्च दाबाची बैठक आणि गाळणी हे भाग चांगले दिसत असले तरी काढून टाकून नवे बसवितो. नंतर नेमून दिलेले वंगण अगदी पातळ लावून, ठरलेल्या जोरानेच आटे आवळून, दाबमापक लावून दाब जुळवितो. पुष्कळसे उत्पादक वर्षातून एकदा तपासणी आणि एक-दोन वर्षांनी किंवा ठरावीक बुड्यांनंतर अशी संपूर्ण उकल सुचवितात. ‘यांपैकी जे आधी होईल ते’ ही अट त्यांत असते, आणि टाळेबंदीत वादाचा मुद्दा ठरला तो याच अटीमुळे.

आठ-आठ महिने यंत्र पाण्यात गेलेच नाही, मग ते वर्ष धरावे कशाला, असा प्रश्न पुष्कळांनी विचारला. प्रश्न अगदीच निराधार नाही. स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून, दाब काढून, थंड व अंधाऱ्या जागी ठेवलेला रेग्युलेटर वर्षभरानंतरही चाचणीत उत्तम उतरू शकतो. उलट, दाबाखाली दबून राहिलेले रबर आपला मूळ आकार विसरते. दोन धातूंच्या फटीत राहिलेले खारे पाणी सुकले की त्याचे स्फटिक होतात आणि पुढच्या वेळी तेच स्फटिक कड्याला करवतीसारखे कापतात. पितळेवरील निकेलाचा मुलामा जेथे उडाला असेल तेथे हिरवा गंज धरतो. दुसऱ्या टप्प्यातील एक गंमत अशी की, यंत्र दाबाखाली नसताना आतील स्प्रिंग मऊ बैठकीला धातूच्या कडेवर सतत दाबून धरते. महिनोन्‌महिने तसेच राहिले तर बैठकीत खोल चर पडतो. काही उत्पादक यासाठी तरफ दाबून धरणारी लहानशी खुंटी देतात. बहुतेक ठिकाणी ती खोक्याबरोबरच कोठेतरी हरवलेली असते!

कोकणातील पावसाळा हा या साधनांचा आणखी एक शत्रू होय. तरंगण्यासाठी घालावयाच्या जाकिटाच्या आतील पिशवीत थोडे जरी पाणी राहिले तरी बुरशी वाढते, आणि ही पिशवी क्वचित प्रसंगी तोंडाने फुगवावी लागते, हे विसरून चालत नाही. विजेच्या मोटारीच्या शेजारी ठेवलेल्या रबराला मोटारीतून निघणाऱ्या ओझोन वायूने भेगा पडतात. टाळेबंदीत कुलूपबंद राहिलेल्या खोल्यांत उंदरांनी नळ्या कुरतडल्या असतील तर तो दोष साथीचा म्हणता येणार नाही. पण तो बुडी घेण्यापूर्वी दिसला पाहिजे, एवढे खरे.

तीन अडसर

साधने तपासून घ्यावयाची तर एरवी तीन गोष्टी लागतात : प्रशिक्षित तंत्रज्ञ, मूळ उत्पादकाचे सुटे भाग आणि सिलिंडरसाठी मान्यताप्राप्त चाचणी केंद्र. टाळेबंदीने तिन्हींच्या वाटा अडविल्या.

तंत्रज्ञ हे प्रायः मोठ्या शहरांत असतात, आणि प्रत्येकाला सर्वच कंपन्यांची उपकरणे उघडण्याचे शिक्षण नसते. जिल्ह्याची सीमा ओलांडण्यासाठी ई-पास लागत होता. राज्यातील ही अट सप्टेंबर २०२० च्या आरंभी उठली, म्हणजे पावसाळ्याचा, दुरुस्तीचा सारा अवधी निघून गेल्यावर. पर्यटन हा अत्यावश्यक सेवेचा विषय नसल्याने अशा कामासाठी पास मागणेही अनेकांना संकोचाचे वाटले असणार. सुट्या भागांचे संच बहुतांशी परदेशातून येतात. आंतरराष्ट्रीय प्रवासी विमाने मार्च २०२० च्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच थांबली होती. अशा विमानांच्या पोटातून येणारा किरकोळ माल त्यांच्याबरोबरच अडकला.

तिसरी अडचण अधिक गुंतागुंतीची. सिलिंडर हे दाबपात्र असल्याने ते कायद्याच्या कक्षेत येते. गॅस सिलिंडर नियम, २०१६ अन्वये ठरावीक मुदतीत चाचणी न झालेला सिलिंडर भरण्यास मनाई आहे. या नियमांची अंमलबजावणी करणाऱ्या पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. चाचणीत सिलिंडर पाण्याने भरून त्याच्या नेहमीच्या दाबाच्या दीडपट किंवा त्याहून थोड्या अधिक दाबाखाली ठेवतात आणि तो कितपत फुगतो व दाब काढल्यावर पूर्ववत होतो की नाही, हे मोजतात. चाचणीची तारीख सिलिंडरच्या खांद्यावर ठोकलेली असते. टाळेबंदीत घड्याळ थांबत नाही. तारीख उलटली की सिलिंडर चांगला असो वा नसो, तो भरता येत नाही. आणि त्या दिवसांत सिलिंडरांच्या साऱ्या यंत्रणेचे लक्ष रुग्णालयांच्या ऑक्सिजनकडे लागलेले होते. ते योग्यच होते, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

मग मार्ग कोणता उरला? सिलिंडर घरी ठेवून केवळ रेग्युलेटर तंत्रज्ञाकडे पाठविणे. रेल्वेने टाळेबंदीतही खास पार्सलगाड्या चालविल्या होत्या आणि काही मार्गांवर मालाची ने-आण हळूहळू सुरळीत झाली. रेग्युलेटरचे वजन दोन-तीन किलोंच्या आसपास असते; त्यात दाबाखालील वायू नसतो, त्यामुळे तो पाठविण्यास आडकाठी येत नाही. पाठविताना उपकरण धुऊन व पूर्ण वाळवून, नळ्यांना तीव्र बाक न देता बांधावे. त्याबरोबर उपकरणाचा क्रमांक, मागील दुरुस्तीची तारीख, त्यानंतरच्या बुड्यांची संख्या आणि नेमकी तक्रार लिहिलेला कागद ठेवावा. हा कागद क्षुल्लक वाटतो, पण ‘श्वास जड लागतो’ आणि ‘दहा मीटरनंतर श्वास जड लागतो’ या दोन तक्रारींवरून तंत्रज्ञ दोन वेगवेगळ्या ठिकाणी शोध घेतो. परत आलेले उपकरण लगेच पाण्यात नेऊ नये. आधी ते जमिनीवर तपासावे.

स्वतः करावयाच्या चाचण्या

उपकरण उघडणे आणि उपकरण तपासणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. तपासणी कोणाही जाणत्या पाणबुड्याला करता येते, आणि यंत्र खरोखर उघडण्याची गरज आहे की नाही हे बरेचसे तीवरूनच ठरते.

सर्वांत सोपी चाचणी तोंडाने होते. सिलिंडरला न जोडता, पहिल्या टप्प्याचे झाकण घट्ट लावून, दुसऱ्या टप्प्यातून हलकेच श्वास ओढून पाहावा. हवा मुळीच येता कामा नये आणि ओढ टिकून राहिली पाहिजे. हवा आली तर पडदा फाटला आहे किंवा उच्छ्वासाची रबरी झडप नीट बसत नाही, असे समजावे. अशा उपकरणातून पाण्याखाली हवेबरोबर पाणीही येते. त्यानंतर उपकरण सिलिंडरला जोडून झडप सावकाश उघडावी आणि सर्व जोडांसह ते पाण्याच्या टबात बुडवून बुडबुडे पाहावेत.

याहून महत्त्वाची चाचणी मधल्या दाबाची होय. जाकिटाला हवा पुरविणाऱ्या नळीवर एक लहान दाबमापक बसवितात. झडप उघडताच काटा उत्पादकाने नेमून दिलेल्या अंकावर, बहुधा नऊ ते दहा बारांच्या आसपास, येऊन स्थिर झाला पाहिजे. थोडा श्वास घेतला की तो किंचित खाली जाऊन चटकन परत यावा. काटा थांबला न थांबला असे करीत हळूहळू वर चढू लागला, तर पहिल्या टप्प्यातील उच्च दाबाची बैठक गळते आहे, हे निश्चित. दाब वाढत वाढत शेवटी दुसऱ्या टप्प्याची झडप लोटून हवा वाहू लागते. एका अर्थी ही रचना सुरक्षित आहे. कारण यंत्र बिघडले तर ते हवा बंद करीत नाही, जास्त सोडते. परंतु अठरा मीटर खोलीवरचा मघाचा हिशेब आठवला म्हणजे या सुरक्षिततेची मर्यादा कळते. काटा निदान पाच-दहा मिनिटे पाहत बसावे. घाई करणाऱ्याला ही गळती दिसत नाही. टाळेबंदीत वेळेची उणीव निदान कोणाला नव्हती!

या चाचण्यांत जे उपकरण उतरले नाही ते बाजूला काढून त्यावर चिठ्ठी बांधावी. ते घरीच उघडून पाहण्याचा मोह त्या काळात अनेकांना झाला. चित्रफिती पाहून यंत्रे खोलण्याची सवय आपल्याकडे जुनी नाही, पण झपाट्याने वाढली आहे. हातात कसब असलेल्या माणसाला तुच्छ लेखण्याचा येथे हेतू नाही. मुळात अनेक चांगले तंत्रज्ञ असेच शिकलेले आहेत. अडचण अशी की, हत्याराच्या टोकाने बैठकीच्या धातूच्या कडेवर उमटलेला केसासारखा ओरखडा डोळ्याला दिसत नाही, पण २०० बारच्या हवेला तो पुरेसा असतो. दुसरी अडचण वंगणाची. कोकणात खोबरेल तेल घरोघरी असते आणि रबराला ते लावण्याची सवयही आहे. उच्च दाबाची हवा एकाएकी आत शिरली की ती क्षणार्धात अतिशय तापते, आणि तेथे तेलाचा अंश असेल तर तो पेट घेऊ शकतो. हवेत ऑक्सिजनचे प्रमाण वाढविलेले असेल तर धोका कितीतरी पटींनी वाढतो. म्हणून साध्या हवेसाठी सिलिकोनचे आणि वाढीव ऑक्सिजनसाठी त्याकरिताच बनविलेले वंगण वापरावे. ते नसेल तर यंत्र उघडू नये, हेच शहाणपणाचे.

सिलिंडर आणि कॉम्प्रेसर

दीर्घकाळ ठेवावयाचा सिलिंडर पूर्ण रिकामा ठेवू नये. आत थोडा दाब असला म्हणजे बाहेरची दमट हवा शिरत नाही. पोलादी सिलिंडरमध्ये खारे पाणी गेले असेल तर आतून गंज चढतो, आणि गंज चढण्यासाठी लागणारा ऑक्सिजन आतल्याच हवेतून खर्च होतो. वर्षभर पडून राहिलेल्या अशा सिलिंडरमधील हवा दाबमापकावर पुरेशी दिसते, पण तिच्यात ऑक्सिजन पुरेसा असेलच असे नाही. मार्च २०२० मध्ये भरलेली हवा हंगाम पुन्हा सुरू झाल्यावर तशीच वापरणे हे काटकसरीचे नव्हे, धोक्याचे काम होते. ती सोडून देऊन, झडप काढून, आत दिवा टाकून पाहणे हाच मार्ग. झडप काढण्याचे काम अर्थातच दाब पूर्ण गेल्यावर आणि जाणकाराने करावयाचे.

हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरकडे तर आणखी कमी लक्ष जाते, कारण तो पाण्यात येत नाही. त्याच्या गाळणीत ओलावा शोषणारे रेणुचाळणीचे खडे आणि तेलाचा वास शोषणारा सक्रिय कोळसा असतो. गाळणीचे आयुष्य चालण्याच्या तासांवर मोजले जाते, परंतु उघड्यावर राहिली तर न चालताही ती दमट हवेने भरून निकामी होते. म्हणून गाळणीच्या कोठीत काही दाब राखून ठेवावा आणि यंत्र अधूनमधून थोडा वेळ चालवावे. तेल संपले म्हणून गाडीच्या इंजिनाचे तेल घालणे हा उपाय नव्हे. श्वासाच्या हवेसाठी युरोपीय मानकाने कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा दहा लाख भागांत ५ भाग आणि तेलाची मर्यादा घनमीटरला अर्धा मिलिग्रॅम इतकी कडक ठेवली आहे. सिलिंडरची हवा पांढऱ्या फडक्यावर सोडून डाग पडतो का हे पाहण्याची जुनी पद्धत तेलापुरती उपयोगी आहे. कार्बन मोनॉक्साइडला मात्र ना रंग असतो ना वास.

निर्जंतुकीकरणाचा नवा प्रश्न

पर्यटकांच्या बुडीत एकच तोंडाचा भाग दिवसात अनेकांच्या तोंडी जातो. पूर्वी तो गोड्या पाण्यात बुचकळून पुढच्याला देण्याची रीत सर्रास होती. साथीने ती एका दिवसात अमान्य ठरविली. करोनाचा विषाणू मेदाच्या आवरणाचा असल्याने साबणाच्या पाण्याने तो नष्ट होतो. निर्जंतुकीकरणासाठी सोडियम हायपोक्लोराइटचे ०.१ टक्क्याचे द्रावणही उपयोगी पडते. परंतु हे द्रावण तयार करून त्यात यंत्र रात्रभर ठेवणे म्हणजे एका रोगावर उपाय करून दुसरा ओढवून घेणे होय. क्लोरीनने रबर कडक होते व धातू खातो. नेमकी काही मिनिटे ठेवून लगेच गोड्या पाण्याने भरपूर धुवावे. उन्हाळ्यात किनाऱ्यावरील विहिरींचे पाणी मचूळ होते, तेव्हा धुण्याच्या पाण्याची सोय आधीच करून ठेवावी लागते. धुताना पहिल्या टप्प्याचे झाकण लावलेले असावे आणि हवा सोडण्याचे बटण दाबू नये, नाहीतर पाणी नळीतून थेट आत जाते.

हात स्वच्छ करण्याच्या मद्यार्कयुक्त द्रवाबद्दल एक इशारा आवश्यक आहे. सिलिंडर भरण्याच्या जागी, विशेषतः ऑक्सिजन हाताळताना, तो वापरू नये. ओल्या हातांनी झडप धरली की त्याची वाफ तेथेच रेंगाळते. शिवाय कॉम्प्रेसरच्या हवा ओढणाऱ्या नळीजवळ जंतुनाशक फवारले, तर ती वाफ गाळणीपर्यंत आणि पुढे सिलिंडरपर्यंतही जाऊ शकते.

पाण्याखालून रुग्णालयाकडे

या काळात एक उलटा प्रवासही घडला. मार्च २०२० मध्ये इटलीतील ब्रेशिया येथे रुग्णालयांना श्वसनाच्या मुखवट्यांची टंचाई भासू लागली. तेव्हा रेनातो फावेरो या निवृत्त डॉक्टरांच्या कल्पनेवरून एका अभियांत्रिकी संस्थेने पाण्यावर तरंगत समुद्र पाहण्यासाठी बाजारात मिळणारा, पूर्ण चेहरा झाकणारा मुखवटा घेतला आणि त्रिमितीय मुद्रणाने बनविलेली झडप बसवून तो रुग्णांसाठी जुळविला. २०२१ च्या मे महिन्यात, देशात ऑक्सिजनची तीव्र टंचाई असताना, आपल्या नौदलाच्या कोची येथील पाणबुडी प्रशिक्षण शाळेने ऑक्सिजन पुन्हा वापरात आणणारी एक योजना पुढे मांडली. रुग्णाने सोडलेल्या श्वासात पुष्कळसा ऑक्सिजन शिल्लक असतो. त्यातील कार्बन डायऑक्साइड शोषून घेऊन तोच वायू पुन्हा वापरला, तर एक सिलिंडर दोन ते चारपट काळ पुरू शकतो, असे या योजनेचे तत्त्व होते. बंद परिपथाच्या पाणबुडी यंत्रांत हेच तत्त्व वापरलेले असते.

अशा बंद परिपथाच्या यंत्रांत ऑक्सिजन मोजणारे लहान विद्युत्‌घट असतात. ते न वापरताही झिजतात. वेष्टन उघडल्यापासून साधारणतः दीड-दोन वर्षांत त्यांची मोजणी विश्वासार्ह राहत नाही. टाळेबंदीच्या आधी घेतलेला घट टाळेबंदीनंतर वापरावयाचा असेल, तर त्यावरील तारीख हाच शेवटचा शब्द.

देखभाल टाळेबंदीतही का थांबू शकत नाही, याचा दुःखद प्रत्यय मे २०२१ मध्ये आला. राज्यात दुसऱ्या लाटेचे निर्बंध चालू असतानाच तौक्ते चक्रीवादळ अरबी समुद्रातून उत्तरेकडे सरकले. १७ मे रोजी मुंबईजवळच्या तेलक्षेत्रातील ‘पी-३०५’ हा निवासी तराफा बुडाला. त्यावर २६१ माणसे होती. नौदलाने व अन्य यंत्रणांनी त्यांपैकी १८६ जणांना खवळलेल्या समुद्रातून वाचविले. उरलेल्यांच्या शोधासाठी ‘आयएनएस मकर’ व ‘आयएनएस तरासा’ या जहाजांवरून पाणबुड्यांची खास पथके निघाली. त्या पाणबुड्यांच्या पाठीवरील साधने त्या दिवशी सज्ज होती, ती आधीच्या महिन्यांत कोणीतरी ती उघडून, पुसून, मोजून ठेवली होती म्हणून. पर्यटनासाठीची बुडी पुढे ढकलता येते. शोधाची, बंदराच्या कामाची किंवा धरणाच्या दरवाजाशी अडकलेला ओंडका काढण्याची बुडी ढकलता येत नाही. निर्बंधांच्या काळात पास व वाहतूक यांचा विचार करताना अशा साधनांचे तंत्रज्ञ कोणत्या वर्गात मोडतात, हे जिल्हा पातळीवर आधीच ठरवून ठेवलेले बरे.

पुन्हा पाण्यात उतरताना

राज्यातील जलक्रीडा २०२० च्या अखेरीस टप्प्याटप्प्याने सुरू झाल्या. तेव्हा मालवण-तारकर्लीच्या परिसरात पहिली बुडी पर्यटकांना न देता आपापसांत, उथळ पाण्यात घेणे हाच योग्य क्रम होता, आणि यापुढेही कोणत्याही दीर्घ खंडानंतर तो पाळावा. यंत्राबरोबर माणसाच्या सवयीही गंजतात. पाच-सहा मीटरवर थांबून प्रत्येक यंत्र आलटून पालटून वापरावे, जाकीट फुगवून व रिकामे करून पाहावे, राखीव दुसऱ्या टप्प्यातूनही श्वास घ्यावा. हा राखीव भाग बहुधा कोणी तपासत नाही, आणि गरज पडते ती नेमकी दुसऱ्याच्या जिवावर बेतलेले असताना.

प्रत्येक उपकरणासाठी वहीत एक पान ठेवावे. त्यावर क्रमांक, दुरुस्तीची व चाचणीची तारीख, मधल्या दाबाचा आकडा आणि तो पाहणाऱ्याची सही असावी. पावसाळ्यापूर्वीचा आणि पावसाळ्यानंतरचा आकडा शेजारी-शेजारी लिहिला असेल, तर काटा किती सरकला हे तंत्रज्ञ येण्याची वाट न पाहताही कळते, आणि कोणते यंत्र आधी पाठवावयाचे ते त्यावरूनच ठरविता येते.